जीमेल भरलंय? मेलची गर्दी आणि जागेची अडचण, दोन्हींवर उपाय वेगळे

नोकरीच्या मुलाखतीचं पत्र, परीक्षेचं हॉल तिकीट, विम्याची पॉलिसी, बँकेचं स्टेटमेंट. हे सगळं आता ईमेलवर येतं. पण जीमेलची जागा पूर्ण भरली, तर नवीन मेल तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. तो पाठवणाऱ्याकडे परत जातो. एखादं पत्र येऊन परत गेलं, हे तुम्हाला कळतही नाही. तुमच्याकडूनही मेल पाठवता येत नाही.

म्हणूनच मेलबॉक्स वेळेवर साफ करणं गरजेचं आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. 'इनबॉक्स भरलाय' असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोन वेगळ्या अडचणी असतात. एक, न वाचलेल्या मेलची गर्दी. दुसरी, संपलेली जागा. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडेलच असं नाही.

१५ जीबी नेमकी कुठे जाते?

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू झालं, तेव्हा १ जीबी जागा मोफत मिळत होती. आता १५ जीबी मिळते. पण ही जागा एकट्या जीमेलची नाही. गुगल ड्राइव्ह आणि गुगल फोटोज हेही त्यातच वाटेकरी आहेत. १ जून २०२१ नंतर अपलोड केलेले फोटो आणि व्हिडिओ याच जागेत मोजले जातात. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत धरला जातो.

त्यामुळे जीमेल भरलं, तरी दोष मेलचाच असेल असं नाही. मेल डिलीट करत बसण्याआधी 'गुगल वन'च्या स्टोरेज पानावर जा. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांनी किती जागा घेतली आहे, ते तिथे वेगवेगळं दिसतं. लग्नाच्या व्हिडिओंनी १० जीबी व्यापली असेल, तर हजारो मेल डिलीट करूनही फारसा फरक पडणार नाही.

आर्काइव्ह आणि डिलीट यांत फरक काय?

आर्काइव्ह करणं म्हणजे सामान माळ्यावर टाकणं. घर मोकळं दिसतं, पण सामान घरातच असतं. आर्काइव्ह केलेला मेल इनबॉक्समधून जातो, पण 'ऑल मेल'मध्ये राहतो आणि शोधल्यावर सापडतो. गर्दी कमी होते, जागा मात्र तेवढीच अडून राहते.

डिलीट केलेला मेलही लगेच नष्ट होत नाही. तो ३० दिवस 'ट्रॅश'मध्ये असतो आणि तोवर तुमचीच जागा अडवतो. 'स्पॅम'मधल्या मेलचंही तसंच. जागा ताबडतोब हवी असेल, तर हे दोन्ही कप्पे रिकामे करावे लागतात. त्याआधी 'स्पॅम'वर एकदा नजर टाका. कधीकधी कामाचा मेलही तिथे जाऊन पडलेला असतो.

जागा हवी असेल तर काय करावं?

नुसत्या मजकुराच्या मेलला फार थोडी जागा लागते. जागा खातात त्या सोबत जोडलेल्या फायली. जीमेलवरून एका मेलसोबत २५ एमबीपर्यंतच्या फायली पाठवता येतात. असे ४० मेल झाले की जवळपास १ जीबी भरते. म्हणून मोजकेच पण मोठे मेल आधी शोधावेत.

हे काम फोनपेक्षा कॉम्प्युटरवर सोपं जातं.

१. जीमेलच्या सर्च बॉक्सच्या उजव्या टोकाला फिल्टरचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा.
२. 'साइज'च्या रकान्यात 'ग्रेटर दॅन' निवडून १० एमबी लिहा आणि सर्च करा.
३. आलेल्या यादीतली हवी ती फाइल कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मग तो मेल डिलीट करा.
४. नंतर आकडा ५ एमबीवर आणून पुन्हा शोधा.

'सेंट'मधले मेलही तपासायला विसरू नका. तुम्ही इतरांना पाठवलेल्या फायलीही तुमच्याच जागेत साठतात.

गर्दी कमी करायची असेल तर?

इथे तारखेनुसार नव्हे, तर पाठवणाऱ्यानुसार साफसफाई करा. खरेदीची ॲप्स, प्रवासाच्या वेबसाइट, कर्जाच्या जाहिराती अशा थोड्याच ठिकाणांहून बहुतेक गर्दी येते. सर्चमध्ये एका पाठवणाऱ्याचं नाव टाका. वरच्या चौकोनावर टिक केल्यावर फक्त त्या पानावरचे मेल निवडले जातात. त्यानंतर वर दिसणाऱ्या ओळीतून त्या शोधातले सगळे मेल एकदम निवडता येतात.

मात्र सगळे डिलीट करण्याआधी यादी एकदा चाळा. मेलला स्टार दिला म्हणजे तो सुरक्षित राहतो, असं नाही. सगळे निवडून डिलीट केले, तर स्टार असलेले मेलही जातात. शिवाय एका विषयावरची मेलची साखळी निवडली, तर तिच्यातली सगळी उत्तरंही जातात. चुकून काही गेलंच, तर ३० दिवसांच्या आत ते ट्रॅशमधून परत आणता येतं. म्हणून मोठ्या साफसफाईनंतर ट्रॅश रिकामा करायची घाई करू नये.

पुन्हा गर्दी होऊ नये म्हणून

ओळखीच्या कंपनीचे नको असलेले मेल 'अनसबस्क्राइब' करा. अनोळखी किंवा संशयास्पद मेलमधल्या अशा लिंकवर मात्र क्लिक करू नका. त्याची 'स्पॅम' म्हणून तक्रार करा.

बिलं, बँक, तिकिटं यांच्यासाठी 'लेबल' तयार करा. ज्या सर्च फिल्टरमधून मोठे मेल शोधले, तिथेच 'क्रिएट फिल्टर'चा पर्याय असतो. त्यात एकदा नियम ठरवला, की त्या पाठवणाऱ्याचे मेल आपोआप ठरलेल्या लेबलखाली जातात.

ही काळजी घ्या

'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, खातं बंद होईल, इथे क्लिक करा' अशा मेलच्या आडून पासवर्ड चोरले जातात. जागा किती उरली आहे, हे मेलमधल्या लिंकवरून नव्हे, तर स्वतः जीमेल उघडून पाहा.

मर्यादा ओलांडलेल्या खात्याकडे दुर्लक्षही करू नका. २ वर्षं किंवा त्याहून जास्त काळ खातं मर्यादेबाहेर राहिलं, तर गुगल त्यातले मेल, फोटो आणि फायली काढून टाकू शकतं.

न वाचलेल्या मेलचा आकडा शून्यावर आलाच पाहिजे, असं काही नाही. पाच हजार मेल न वाचता पडून असले, तरी जागा शिल्लक असेल तर नवीन पत्र पोहोचतं. इनबॉक्स अगदी रिकामा दिसत असला, तरी १५ जीबी भरलेली असेल तर ते परत जातं. त्यामुळे वेळ थोडाच असेल, तर आधी मोठ्या फायली काढा. गर्दी नंतर सावकाश आवरता येईल.