पाळी चुकवायची नाही म्हणून

यातला माणूस कल्पित आहे, आजाराचा क्रम खरा. चाकण एमआयडीसीत असा पोरगा कुठल्याही बसथांब्यावर दिसेल: पंचविशीतला, लातूरकडचा, मेदनकरवाडीत तिघांत एक खोली, ठेकेदाराकडे कामाला. जंतू मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए. बहुतेकांना तो खोकल्यावर सोडून देतो.

७२ तास आधी : सुका खोकला आठवडाभर आहेच, आता कणकण. खाडा पडला तर पगार कापणार. पॅरासिटामॉल गिळून तो पहिल्या पाळीला उभा.

६० तास : मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, अमॉक्सिसिलिनची पट्टी. पेनिसिलिनच्या घराण्यातली ही औषधं जंतूला पेशीभित्तिका बांधू देत नाहीत. मायकोप्लाझ्माला ती नसतेच. पेनिसिलिन बनवायला १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पण त्या घराण्याचं इथे काही चालत नाही. अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन हवं होतं.

३६ तास : ताप १०२. ‘‘भावा, दवाखान्यात चल.’’ ‘‘सुट्टीच्या दिवशी बघू.’’ श्वास मिनिटाला २४. कुणी मोजलेला नाही. मोजायला घड्याळ आणि छातीकडे नजर, एवढंच लागतं. ताप मात्र सगळे मोजतात!

१२ तास : जिन्यात दोनदा थांबला. दवाखान्यात बोटाला लावलेलं यंत्र रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण ९१ टक्के दाखवतं. शंभरातले एक्क्याण्णव म्हणजे पहिल्या वर्गात पास, असं त्याला वाटतं. फुप्फुसातला प्राणवायू बराच घटेपर्यंत हिमोग्लोबिन हा आकडा सावरून धरतं. नव्वदच्या खाली मात्र घाटात ब्रेक गेल्यासारखी घसरण. डॉक्टर म्हणतात, ‘‘आत्ताच्या आत्ता दाखल हो.’’ तो म्हणतो, ‘‘आजची पाळी करून येतो, सर.’’

४ तास : श्वास ३६. वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर. सुपरवायझर १०८ ला फोन लावतो. पाळी सुटायची वेळ, तळेगाव चौकात नाशिक रस्ता तुंबलेला.

२ तास : पिंपरीतलं रुग्णालय. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. वायुकोश पाण्यानं भरलेत, या अवस्थेला एआरडीएस म्हणतात. यात जंतूइतकाच शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा हात असतो, म्हणून योग्य प्रतिजैविकाबरोबर डॉक्टर स्टिरॉइडही सुरू करतात.

शून्य : मास्कनं भागत नाही. घशात नळी, व्हेंटिलेटर. मग चौघं मिळून त्याला पालथं करतात, पाठीकडचा दबलेला फुप्फुसाचा भाग उघडावा म्हणून.