समुद्र नसलेल्या गावात समुद्राची खबर



इथं आपण बहुधा सुलतान बाजार, काचीगुडा, विवेक वर्धिनी यांच्याच आठवणी काढतो. आज जरा लांब, कुकटपल्लीच्या पुढे प्रगतीनगरला जाऊ. तिथं 'इन्कॉइस' नावाची केंद्र सरकारची संस्था आहे. पूर्ण नाव 'भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र'. मछलीपट्टणचा समुद्रही इथून रस्त्यानं तीनशे किलोमीटरहून लांब. मग महासागराचं केंद्र इथं कसं? मला वाटतं, या गावाला पाण्याचा धडा फार आधी मिळालेला आहे.

२८ सप्टेंबर १९०८. मुसीचा महापूर. वरच्या खोऱ्यातले तलाव एकामागून एक फुटले आणि अफझलगंज, कोलसावाडी या वस्त्या वाहून गेल्या. मृतांचा आकडा पंधरा हजार सांगितला जातो. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशेएक माणसं वाचली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ते झाड अजून उभं आहे.

पुढच्या वर्षी निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजचे विद्यार्थी. मुंबई इलाख्याच्या नोकरीत खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवून त्यांनी नाव मिळवलेलं. त्यांनी सांगितलं, पूर शहरात अडवू नका, वरच थोपवा. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर, म्हणजे आपलं गंडिपेट, आणि १९२७ मध्ये हिमायतसागर झाला. गंडिपेटचं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही म्हणतात. पण तो तलाव मुळात पाणी पाजायला नव्हे, पूर धरायला सुचला होता.

नदी अशी धरता येते. समुद्राचं काय करणार? कोकणात धूपप्रतिबंधक बंधारे घालतात, मरीन ड्राइव्हला चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे टाकले आहेत. १९१६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, खडकवासल्याला, बंदरांच्या लहान प्रतिकृती करून लाटांचा अभ्यास चालतो. हे सगळं हवंच. पण अख्ख्या किनाऱ्याला भिंत घालता येत नाही. आणि घातली, तरी एका गावची भिंत कधी कधी शेजारच्या गावची वाळू पळवते.

मग उरते वेळेवर पोचलेली खबर. ती नसली की काय होतं, ते दोनदा दिसलं. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यापाशी मोठा भूकंप झाला आणि त्याच सकाळी मुंबईतही लाटांनी माणसं ओढून नेली. दुसरी वेळ २६ डिसेंबर २००४. सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी सुमात्राजवळ धरणी हादरली, आणि चेन्नईला लाट पोचली ती नऊच्या सुमारास. मधे जवळजवळ अडीच तास होते! तेवढ्या वेळात चालत जाऊनही माणूस सुरक्षित झाला असता. पण सांगणारी यंत्रणाच नव्हती. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली.

इन्कॉइस १९९९ मध्ये स्थापन झाली होती. त्सुनामीनंतर हे काम तिच्याकडे आलं आणि ऑक्टोबर २००७ मध्ये इशारा केंद्र सुरू झालं. भूकंपाची जागा, खोली, ताकद काही मिनिटांत कळते. मग हजारो शक्यतांची आधीच करून ठेवलेली गणितं असतात, त्यातलं जुळणारं काढायचं. आम्ही बँकेत व्याजाचा रेडी रेकनर उघडायचो ना, अगदी तसंच. त्यानंतर समुद्रतळावरची दाबमापकं आणि बंदरांवरची भरतीमापकं सांगतात, लाट खरंच निघाली की नाही. २०११ पासून ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाबरोबर आपलं हे केंद्र हिंदी महासागरातल्या इतर देशांनाही खबर देतं.

रोजचं काम मात्र वेगळंच. मासळी कुठं मिळेल, हे उपग्रहावरून ओळखतात. गरम आणि थंड पाणी जिथं भिडतं, जिथं पाण्यात हिरवी सूक्ष्म वनस्पती दाट असते, तिथं मासा जमतो. बंदरापासून दिशा, अंतर आणि खोली असा निरोप मराठीतही जातो. ढग असले की उपग्रहाला ते दिसत नाही. नोकरीत नौकांच्या कर्जाच्या फायली मी पाहिल्या आहेत. डिझेल आणि बर्फ, या दोन रकमांवरच फेरी तरते किंवा बुडते. शोधाशोध वाचली की हप्ता निघतो. पण मासा हे मुद्दल आहे आणि त्याची वीण हे व्याज. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, ती मुद्दलाला हात लागू नये म्हणूनच.

आता समुद्र तापतो आहे. अरबी समुद्रातली वादळं वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएमच्या संशोधकांनी दाखवलं आहे. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते'. वादळ कुठं धडकेल ते हवामान खातं सांगतं. लाटा किती उठतील, पाणी किती आत येईल, हे गणित प्रगतीनगरला होतं. आभाळ निरभ्र असतानाही दूर दक्षिणेतून येणाऱ्या लाटा किनाऱ्यात घुसतात. केरळात त्यांना 'कल्लकडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. त्यांचाही इशारा इथूनच निघतो.

शेवटचा टप्पा मात्र अवघडच. किनारा सोडून दहा-बारा किलोमीटर गेलं की मोबाइल मुका होतो. त्यासाठी २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं उपग्रहावरून निरोप घेणारं यंत्र आलं. तांडेलाला खबर मिळते, पण त्याला उलट बोलता येत नाही. आणि नुसती खबर मिळून भागत नाही, कुठं पळायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. ओडिशातल्या व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांनी तशी तालीम केली, नकाशे लावले; २०२० मध्ये युनेस्कोनं त्यांना 'त्सुनामी-सज्ज' मानलं. कोकणातल्या किती गावांत अशी तालीम होते?

११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ पुन्हा ८.६ चा भूकंप झाला. सगळ्या किनाऱ्याला एकच भोंगा न वाजवता भागाभागाप्रमाणे इशारे गेले, आणि लाट मोठी नाही हे कळल्यावर मागेही घेतले. काहीच घडलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. विम्याचा हप्ता असाच असतो. वर्ष सुखरूप गेलं की फुकट गेल्यासारखा वाटतो. समुद्रातली यंत्रं गंजतात, तुटतात, मासेमारीच्या जहाजांच्या जाळ्यात ओढली जातात. त्यांच्या देखभालीचा पैसा कापणं सगळ्यात सोपं असतं. १९०८ आणि २००४ ची किंमत ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तो कापू देऊ नये.

आपल्यापैकी कुणाच्या घरी मुसीच्या पुराच्या किंवा १९४५ च्या मुंबईच्या आठवणी वडीलधाऱ्यांनी सांगितल्या असतील, तर जरूर लिहा. लिहिलं नाही तर त्या आपल्याबरोबरच जातील.