घरगुती विद्युत ओव्हन बदलणे

घरगुती विद्युत ओव्हन बदलणे म्हणजे जुना ओव्हन वीजपुरवठ्यापासून सुरक्षितपणे विलग करून त्याच्या जागी नवा बसविणे होय. ओव्हन पुष्कळ वीज ओढत असल्यामुळे या कामात विजेचा धक्का, वायर तापून लागणारी आग आणि भाजणे हे प्रमुख धोके संभवतात. भारतातील घरगुती एकफेजी पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असतो. सोलापूर शहरात, सात रस्ता परिसरासह, हा पुरवठा महावितरण करते. मीटरपुढील घरातील वायरिंगची जबाबदारी मात्र ग्राहकाची असते.

प्रकार व विद्युतभार

ओट्यावर ठेवण्याचा ओव्हन (ओटीजी) साधारणतः १,२०० ते २,००० वॅटचा असून तो प्लगने जोडला जातो. २,००० वॅटच्या ओव्हनमधून सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणून त्याला ६ अँपिअरचे लहान सॉकेट चालत नाही. १६ अँपिअरचे सॉकेट लागते. कपाटात बसविलेला ओव्हन ३,००० वॅटच्या पुढेही असू शकतो. त्यासाठी मीटर बोर्डापासून स्वतंत्र वायर व स्वतंत्र एमसीबी असणे इष्ट असते.

कायदेशीर तरतूद

विद्युत सुरक्षिततेच्या नियमांनुसार २५० व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण बदलण्यास परवानाधारक कंत्राटदाराची सक्ती नाही. मात्र त्या बदलाने मूळ विद्युत संचमांडणीची क्षमता वा स्वरूप बदलता कामा नये. ही तरतूद १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेली आहे. त्यामुळे एक ओटीजी काढून तेवढ्याच वॅटचा दुसरा लावणे ग्राहकाला करता येते. नवी वायर ओढणे, मोठा एमसीबी बसविणे किंवा सॉकेटची क्षमता वाढविणे ही कामे राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी लागतात. घराचा एकूण भार मंजूर भारापेक्षा वाढणार असल्यास महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो.

जुना ओव्हन विलग करणे

प्लगच्या ओव्हनचे बटण बंद करून तो पूर्ण थंड होऊ दिला जातो. नंतर वायर न ओढता, प्लग धरून बाहेर काढला जातो. प्लग किंवा सॉकेट काळवंडलेले अथवा वितळलेले आढळल्यास तेथे नवा ओव्हन लावण्यापूर्वी दुरुस्ती आवश्यक ठरते.

कायम जोडणीच्या ओव्हनचे काम जाणकार वायरमनने करणे योग्य. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. संबंधित एमसीबी बंद करून घरातील सर्वांना तशी सूचना देणे. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करणे, कारण मुख्य स्विच बंद असतानाही त्यातून वीज येऊ शकते.
२. टेस्टर प्रथम चालू सॉकेटवर, मग ओव्हनच्या जोडणीवर आणि पुन्हा चालू सॉकेटवर तपासणे. बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच दर्शवतो.
३. फेज व न्यूट्रल आधी सोडवून अर्थिंगची वायर शेवटी सोडविणे.
४. उघडी टोके स्वतंत्रपणे झाकणे. ओव्हन जड असल्याने तो दोघांनी मिळून बाहेर काढणे.

मायक्रोवेव्ह ओव्हनचे आवरण घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक भार साठून राहू शकतो.

नवा ओव्हन बसविणे

जोडणी करताना अर्थिंगची वायर आधी जोडली जाते. उपकरणाच्या वायरमध्ये सामान्यतः तपकिरी रंग फेजचा, निळा न्यूट्रलचा आणि हिरवा-पिवळा अर्थिंगचा असतो. ओव्हनचे बाह्य आवरण धातूचे असल्याने अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर किंवा दोन पिनांच्या जोडणीवर तो चालविणे धोक्याचे असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती होताच पुरवठा तोडतो. तथापि तो अर्थिंगला पर्याय नाही. ओव्हनभोवती उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा ठेवावी लागते. पहिल्यांदा तो खिडक्या उघड्या ठेवून काही वेळ रिकामा तापविला जातो, जेणेकरून आतील संरक्षक तेलाचा थर जळून जातो.

जुन्या ओव्हनची विल्हेवाट

निकामी ओव्हन हा ई-कचरा ठरतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा ओव्हन घरच्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे किंवा उत्पादकाच्या संकलन व्यवस्थेकडे देणे अपेक्षित असते.