लहान मोटारींच्या चकाकीचा इतिहास

रंगवलेल्या प्रतिकृती बारीक घासकागदांनी गुळगुळीत करून चमकवण्याची कला आज छंद म्हणून ओळखली जात असली, तरी तिचा उगम विसाव्या शतकातील अमेरिकी मोटारींच्या रंगकामात आहे. त्या शतकाच्या आरंभी मोटारीवरचे रंगाचे थर कोरडेच घासले जात, त्यामुळे शिसेमिश्रित रंगाची विषारी धूळ कामगारांच्या श्वासात जाई. फ्रान्सिस ओकी यांच्या कल्पनेतून थ्री-एम कंपनीने १९२१ मध्ये पाण्यात टिकणारा घासकागद बाजारात आणला. भारतीय गॅरेजांत ‘वॉटर पेपर’ म्हणतात तो याच जातीचा असून पाणी लावून घासल्याने धूळ उडत नाही आणि सुटलेला रंग कागदाच्या दाण्यांत साचत नाही. त्याच दशकात आलेला ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे द्रावक उडून जाताच कडक होणारा रंग, झटपट वाळत असे. मात्र त्याची चमक घासून आणि पॉलिश करूनच खुलत असे.

जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही किशोरवयीन मुलांची स्पर्धा सुरू केली आणि हे कौशल्य कारखान्याबाहेर घराघरांत पोहोचले. स्पर्धकांनी आरंभी शाही बग्गीच्या प्रतिकृती आणि पुढे स्वतःच्या कल्पनेतील मोटारींच्या १/१२ प्रमाणातील प्रतिकृती घडवल्या. विजेत्यांना विद्यापीठीय शिष्यवृत्त्या मिळत आणि कारागिरीलाही गुण असत. या प्रमाणात रंगाचा ०.१ मिलिमीटरचा उंचवटा खऱ्या मोटारीवरील १.२ मिलिमीटरच्या खडबडीतपणाइतका भासतो, म्हणून प्रतिकृतीचा पृष्ठभाग मूळ वाहनाहूनही नितळ असावा लागतो. १९४७ चे विजेते चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या अभिकल्प विभागाचे प्रमुख झाले. स्पर्धा १९६८ मध्ये बंद पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिनच्या जुळणी-संचांचा प्रसार झाला आणि १/२४ व १/२५ ही प्रमाणे रूढ झाली. विमानांच्या अॅक्रिलिक खिडक्यांवरील ओरखडे काढणारे, १२००० क्रमांकापर्यंतचे मऊ पाठीचे ‘मायक्रो-मेश’ कापडही छंदिष्टांनी स्वीकारले. त्यांची पद्धत मात्र रंगाऱ्याचीच राहिली: पारदर्शक लॅकर पुरता कडक होऊ द्यायचा, चढत्या क्रमांकांच्या कागदांनी पाणी लावून हलक्या हाताने घासायचे, कडांना जपायचे, कारण तिथला रंग सर्वांत आधी झिजून खालचे अस्तर उघडे पडते, आणि शेवटी रबिंग कंपाउंड फिरवायचे. यांतील महत्त्वाची साधने छंदासाठी जन्मली नाहीत. खऱ्या मोटारी आणि विमानांच्या गरजांतून ती आली आणि छंदिष्टांनी ती लहान आकारावर वापरून दाखवली.