पालवणकर बाळू : खेळावर पोट भरणारा खेळाडू

इंग्लंडच्या फूटबॉल संघटनेनें वेतन घेऊन खेळणाऱ्यास १८८५ सालीं मान्यता दिली. तत्पूर्वीं खेळाचे पैसे घेणें तेथें हीनपणाचें समजत. आणि क्रिकेटांत तर ‘सभ्य गृहस्थ’ व ‘पगारी खेळाडू’ हा पंक्तिभेद १९६२ पर्यंत टिकला. जो खेळावर पोट भरतो त्यानें खेळावें, पण पुढारीपण मागूं नये, असाच या भेदाचा अर्थ. आपल्याकडे पालवणकर बाळू यांच्या वाट्यास हा भेद आला तो दुहेरी. कारण दारिद्र्याच्या जोडीस येथें जात होती.

बाळूंचा जन्म धारवाडास १८७६ सालीं चांभार कुटुंबांत झाला. पुण्यास पारशांच्या मैदानाची निगा त्यांनीं दरमहा तीन रुपयांवर राखिली. पुढें युरोपियनांच्या पूना क्लबांत त्यांना चार रुपये मिळूं लागले. खेळपट्टी तयार करावी आणि साहेबांस सरावासाठीं डावखुरी गोलंदाजी टाकावी, हें त्यांचें काम. कॅप्टन ग्रेग हे आपणांस बाद केल्याबद्दल दर खेपेस त्यांना आठ आणे देत, असें सांगतात. मात्र चेंडू टाकणाऱ्या या नोकराच्या हातीं बॅट कोणी दिली नाहीं.

साहेबांस हरवावयाचें तर हाच गोलंदाज हवा, हें पुण्यांतील हिंदू क्लबास लवकरच उमगलें. बाळूंनीं हाताळलेला चेंडू सर्वांनीं झेलला. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या पेल्यांत मिळे. विटाळ चेंडूस लागत नव्हता, पेल्यास लागत होता!

पुढें ते मुंबईस हिंदू जिमखान्याकडून खेळूं लागले व त्यांना रेल्वेंत नोकरी मिळाली. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनीं मात्र तेथें शंभराहून अधिक गडी बाद केले.

इतकें होऊनही हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांना रीतसर कधीं लाभलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. बाळू १९५५ सालीं वारले. त्यांच्या गोलंदाजीचें कौतुक समाजानें मुक्तकंठानें केलें. कारण कौतुकास कांहीं सोडावें लागत नाहीं. अधिकार देतांना आपला थोडा सोडावा लागतो, आणि तेवढ्यासाठीं एका श्रेष्ठ खेळाडूची सारी कारकीर्द खर्ची पडली.