डिचोली आणि तिची लाल माती

डिचोलीचे भवितव्य डिचोलीत क्वचितच ठरले. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे जाऊन ‘नव्या काबिजादी’त मोडू लागला. विसाव्या शतकाच्या मध्यास जपानी पोलादभट्ट्यांची मागणी आली आणि पायाखालची लाल माती निर्यातीचा जिन्नस झाली. ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी, मुलांची शिक्षणे, सारे तिच्यावर उभे राहिले. याच मातीचा गाळ शिरगावच्या भातशेतांत साचला, विहिरी आटल्या. त्याविषयी आपण सुशिक्षितांनी बराच काळ मौन पाळले, हे मला नमूद केलेच पाहिजे.

२०१२ मध्ये शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठविली. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि पुन्हा सामसूम झाली. पुढे लिलाव झाले व २०२४ मध्ये लिलावातील पहिली खाण सुरू झाली ती डिचोलीतच.

गंजलेल्या ट्रकचा मालक आता हप्त्यांचा हिशेब मांडतो. शेतकरी विचारतो, गाळ कोण उपसणार? कित्येक घरांत हे दोघे सख्खे भाऊ आहेत.