उलटं फिरलेलं ड्रिल आणि आजोबांचा सामता

आजचा भाग एका न पडलेल्या भोकापासून सुरू करतो.

मला सर्किट बोर्डाला बारीक भोकं पाडायची होती. मोठ्या ड्रिलमध्ये एक मिलीमीटरचं बिट धड पकडलं जात नाही, आणि पकडलं तरी हात जरा हलला की मोडतं. म्हणून औशाच्या पत्त्यावर एक किट मागवलं. छोटं ड्रिल, आपलं आपण जोडायचं. डब्यात १२ व्होल्टची डीसी मोटर, तिच्या दांड्यावर बसणारा पितळी चक, तो आवळायचा बारीक स्क्रू, एक बटण, वायरी आणि चार-पाच बिटं.

तासाभरात जोडलं. बटण दाबलं, मोटर गुणगुणली. बिट बोर्डावर टेकवलं, पण भोक काही पडेना. जोर लावला तर जळका वास यायला लागला. बिट बोथट असेल म्हणून दुसरं लावलं. तेच!

आजोबा बाजेवर बसून बघत होते. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. म्हणाले, "भुसा कुठंय रं? भुसा निघंना म्हणजे ते कापंना, नुसतं घासायलंय. उलटं फिरायलंय बघ."

मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. अशा डीसी मोटरचं तसंच असतं, वायरी बदलल्या की फिरण्याची दिशा बदलते. पुढच्या क्षणी बोर्डातून पांढरट भुकटी निघाली आणि भोक आरपार.

आता प्रश्न असा, की मोटरचं काही माहीत नसलेल्या आजोबांना हे कळलं कसं? त्याचं उत्तर आमच्या माळ्यावर होतं. त्यांचा सामता.

नव्या श्रोत्यांसाठी सांगतो. सामता म्हणजे सुताराचं भोक पाडायचं जुनं हत्यार. लाकडाचा उभा दांडा, खाली लोखंडी टोक, वर हातानं दाबून धरायची मूठ. दांड्याला दोरीचा वेढा, आणि ती दोरी एका कमानीला बांधलेली. कमान पुढं-मागं ओढली की दांडा एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं फिरतो. म्हणून सामत्याचं टोक चपटं असतं आणि दोन्ही अंगांनी धार लावलेलं. जाताना कापतं, येताना कापतं. कुठल्या दिशेला किती भुसा निघतो, हे बघतच आजोबांचं आयुष्य गेलं. त्यांनी मोटर बघितलीच नाही, भुसा बघितला.

ही कमानीची युक्ती फार जुनी. बलुचिस्तानात मेहरगढ इथं ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचे, भोक पाडलेले माणसाचे दात सापडले. २००६ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. गारगोटीचं टोक आणि कमान वापरून असं भोक एका मिनिटाच्या आत पडतं, हेही अभ्यासकांनी करून बघितलं.

एवढं लांब जायचं नसेल तर आपल्या तेरणेच्या काठानं वर चला. गोरोबाकाकांचं तेर. सातवाहन काळातलं हे मोठं व्यापारी गाव. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव 'तगर' असं येतं. इथलं कापड भडोचच्या बंदराकडं जायचं. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळचे मणी ठेवलेत. पुढच्या वेळी गेलात तर मण्याच्या रंगाकडं नको, भोकाकडं बघा. भोक नसेल तर मणी माळेत ओवता येत नाही, तो नुसता खडा!

अकीकासारखा कडक दगड किती चिवट असतो, हे गुजरातेत खंबातला कळतं. तिथल्या कारागिरांनी कमानीचं ड्रिल आपल्या काळापर्यंत टिकवलं. टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवायचे, पाण्याचा थेंब सोडत राहायचं, आणि मणी दोन्ही बाजूंनी कोरून मधोमध भोक जुळवायचं.

मग माझं बिट उलटं का चाललं नाही? कारण ते पिळाचं बिट आहे. अमेरिकेत स्टीफन मोर्स यानं १८६३ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याची धार एकाच दिशेला कापते आणि पिळाचे चर भुसा वर काढून टाकतात. म्हणजे त्याला सतत एकाच दिशेनं फिरवणारं काहीतरी हवं. १८८९ मध्ये मेलबर्नला अर्नॉट आणि ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. १८९५ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी हातात धरायचं ड्रिल बनवलं. १९१७ मध्ये ब्लॅक आणि डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. आपल्या गावोगावच्या दुकानात आज दिसतं ते रूप हेच.

बघा, या सगळ्यांची नावं आणि सालं मी तुम्हाला धडाधडा सांगू शकतो. तेरच्या मण्याला भोक पाडणाऱ्याचं नाव सांगता येत नाही. आमच्या तालुक्यात सामते घडवणाऱ्या लोहारांचंही नाही. पेटंट म्हणजे कागद, आणि आपल्या बलुतेदारांचं ज्ञान हातातून हातात गेलं. हात थांबला की ते संपलं. सुतार मागासलेला होता म्हणून सामता गेला, असं आपण सहज म्हणतो. पण त्या दिवशी किट जोडणारा मी अडलो होतो आणि सामतावाले आजोबा नाही.

किट घेणार असाल तर तीन गोष्टी. चक सरळ बसलाय का बघा, नाहीतर बिट थरथरतं आणि मोडतं. डोळ्यांवर चष्मा घाला. आणि पहिलं भोक टाकाऊ तुकड्यावर पाडून भुसा निघतोय का ते बघा.

चौथी गोष्ट किटबद्दल नाही. घरात, माळ्यावर सामता पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचं माप घ्या, फोटो काढा, आणि तो चालवणारं माणूस असेल तर त्याच्याकडून एक भोक पाडून घ्या. मी घेतलं. आजोबांनी दोरीला वेढा दिला, कमान ओढली, आणि लाइट गेलेली असताना सागाच्या फळीतून भुसा पडायला लागला.

भेटू पुढच्या भागात.